बाजाराचं टपाल

तुर्भे-वाशीच्या एपीएमसी मार्केटचा इतिहास लिहायला उद्या कुणी बसलं, तर त्याला कायदे मिळतील, ठराव मिळतील, आवकेचे आकडे मिळतील. १९६३चा कृषी उत्पन्न पणन कायदा छापलेला आहे. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १५ जानेवारी १९७७ रोजी स्थापन झाली, याची नोंद आहे. शहरातली गर्दी खाडीपलीकडे न्यायची म्हणून आधी कांदा-बटाटा, मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मसाला आणि धान्य, आणि १९९६मध्ये फळं-भाजी असे पाच बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आले, हेही कागदोपत्री सापडेल. मिळणार नाही तो गाळा आणि शेताचा बांध यांच्यातला रोजचा व्यवहार. माल पोचला का, काय भावाने गेला, पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, हमाली-तोलाई किती कापली, पुढची गाडी कधी भरायची, हे सगळं मोबाईल येण्याआधी बव्हंशी टपालाने चालायचं. ते कागद दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने रद्दीत जातात. टपाल तिकिटं आणि कार्डं जमवणारे, ती जगभरच्या माणसांशी अदलाबदल करणारे हजारो लोक महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या छंदाचं सगळ्यात मोलाचं काम याच रद्दीत पडून आहे, असं माझं म्हणणं आहे. कोऱ्या, न वापरलेल्या तिकिटांच्या अल्बमपेक्षा बाजारातून गेलेलं एक मळकं कार्ड जास्त बोलतं.

असं कार्ड हातात घेऊन पाहिलं की मुद्दा लगेच पटतो. ऐंशीच्या दशकातलं पंधरा पैशांचं पिवळट कार्ड घ्या. एका बाजूला पेढीचं नाव रबरी शिक्क्याने उमटवलेलं, खाली चार ओळी: अमुक डाग (मालाचे नग) मिळाले, माल थोडा नरम निघाला, भाव बसला तो असा, पट्टी मागाहून पाठवतो. दुसऱ्या बाजूला गावाचं, तालुक्याचं, जिल्ह्याचं नाव, त्यावर निघाल्या पोस्टाचा गोल शिक्का आणि बऱ्याचदा पोचल्या पोस्टाचाही. दोन शिक्क्यांच्या तारखांतून टपालाला किती दिवस लागले ते कळतं आणि नाशवंत मालाच्या धंद्यात त्या दिवसांचा अर्थ काय, तेही कळतं. भाव घरी पोचेपर्यंत तो शिळा झालेला असे. शेतकऱ्याने दलालावर विश्वास का टाकायचा, आणि तो विश्वास कधी कधी का तुटायचा, याचं निम्मं उत्तर त्या दोन तारखांच्या मधल्या जागेत आहे.

मग पत्त्याची ओळ पाहा. धान्याच्या पेढ्या दाणाबंदरात होत्या तेव्हा पत्त्यात ‘मुंबई ९’ असायचं. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला आणि त्याच पेढीचा पत्ता ‘मुंबई ४००००९’ झाला. जुना विभाग क्रमांक नव्या सहा आकड्यांच्या शेपटाला तसाच ठेवला गेला. पुढे पेढी खाडी ओलांडून गेली आणि पत्ता ‘न्यू बॉम्बे’ झाला, मग नवी मुंबई, पिनकोड वाशीचा ४००७०३ किंवा तुर्भ्याचा ४००७०५. एकाच घराण्याच्या पेढीची तीस-चाळीस वर्षांची कार्डं ओळीने मांडली, तर बाजाराचं स्थलांतर नकाशाशिवाय डोळ्यांसमोर येतं. कोणती पेढी लगेच गेली, कोणी जुन्या गाळ्याचा पत्ता खोडून त्यावर नवा शिक्का मारत वर्षभर काढलं, हे सरकारी अहवालात कुठेही लिहिलेलं नसतं.

पिनकोडचा उल्लेख आला म्हणून सांगतो, ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. दिल्लीला १९७३मध्ये ‘इंडिपेक्स’ हे जागतिक टपाल तिकीट प्रदर्शन भरलं, त्याचे अध्यक्षही तेच होते. पत्ता शास्त्रशुद्ध करणारा आणि तिकिटांचा जागतिक मेळा भरवणारा माणूस एकच असावा, हे मला फार समर्पक वाटतं. तिकिटाला अर्थ येतो तो शेजारच्या पत्त्यामुळे आणि वरच्या शिक्क्यामुळे, आणि नेमकं हेच आपल्याकडचे बहुतेक संग्राहक विसरतात. लहानपणी शिकवलेली पद्धत अशी की पाकिटावरचं तिकीट कोपऱ्यासकट कापायचं, पाण्यात भिजवायचं, गोंद सुटला की वाळवून अल्बममध्ये लावायचं. पाकीट फेकून द्यायचं. म्हणजे जे सांगण्यासारखं होतं ते फेकायचं आणि नाशिकरोडच्या छापखान्यात लाखोंनी छापलेला तुकडा जपायचा.

साध्या कागदांना इतिहासाचं साधन मानण्याची दृष्टी मराठी माणसाला नवी नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली, ती गावोगावच्या वाड्यांतून पत्रं आणि दफ्तरं गोळा करूनच. पुण्यात १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही याच ध्यासातून. पेशवाईतला एखादा जमाखर्चाचा कागद मिळाला तर आपण तो डोक्यावर घेतो आणि १९८५च्या कांद्याच्या पट्टीचा चिवड्यासाठी पुडा करतो. वय कमी म्हणून कागद कमी मोलाचा, हा हिशेब राजवाड्यांनी केला असता तर त्यांच्या हाती फारसं काही लागलं नसतं. शंभर वर्षांनी जुना ठरणारा कागद आज कुणीतरी राखावा लागतो.

बाजाराचं टपाल म्हटलं की फक्त पेढ्यांची कार्डं डोळ्यांपुढे आणू नयेत. पाठीवर पोतं घेऊन या बाजाराला चालवणारे माथाडी बहुतांशी सातारा जिल्ह्यातल्या पाटण-जावळीकडचे, पुणे-अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यातले. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला, त्याचं श्रेय इतिहासात नोंदलं गेलं. पण त्या मजुरीचं गावात काय झालं, ते मनीऑर्डरच्या कागदात आहे. मनीऑर्डरच्या फॉर्मवर मजकुराला बोटभर जागा असे. तिच्यात खत घ्या, पोराची फी भरा, आईचं औषध चुकवू नका, एवढंच मावे. पैसे मिळाल्याची पोच सहीनिशी किंवा अंगठ्यानिशी पाठवणाऱ्याकडे परत येई. गावातल्या बाईचा निळा अंगठा मुंबईतल्या खोलीत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असे. त्या पोचपावत्या आता कुणाकडे असतील तर तो शहर आणि गाव यांच्यातल्या पैशाचा अस्सल पुरावा आहे, आणि एकाही तिकीट-सूचीत त्याला किंमत लिहिलेली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. संग्राहक म्हणतील, छंद दुर्मिळतेवर चालतो, कांद्याच्या पट्टीवर नाही. ब्रिटिश गियानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट २०२१मध्ये ८३ लाख डॉलरना विकलं गेलं. १८५२मध्ये बार्टल फ्रियरने सिंधमध्ये काढलेलं ‘सिंध डाक’ आशियातलं पहिलं तिकीट म्हणून आजही लिलावात भाव खातं, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. हे सगळं खरं आहे. पण ती किंमत असे कागद किती कमी उरले यावरून ठरते, त्या कागदाने किती सांगितलं यावरून नाही. शिवाय दुर्मिळता म्हणजे तरी काय? ज्या वस्तूला कुणी जपलं नाही ती दुर्मिळ होते. कोरी तिकिटं सगळेच जपतात, म्हणून स्वातंत्र्यानंतरची बहुतेक कोरी तिकिटं आज दर्शनी किमतीच्या आसपासच घुटमळतात. एखाद्या मसाला पेढीचा सलग वीस वर्षांचा पत्रव्यवहार मात्र पुढे शोधूनही मिळणार नाही. टपाल-इतिहास ही स्पर्धात्मक प्रदर्शनांत स्वतंत्र शाखा आहे. तिथे परीक्षक मार्ग, दर, शिक्का आणि वापर पाहतात. त्या शाखेला हवा असलेला माल आपल्या दारात आहे.

कोऱ्या तिकिटांना मी कमी लेखत नाही. १९६५पासून निघालेल्या नेहमीच्या वापराच्या मालिकेत चहाची पानं खुडणारी बाई होती, कॉफीची फळं होती, ५० पैशांवर आंबे होते आणि १० रुपयांवर तुर्भ्याच्या खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेची अणुभट्टी होती. देशाने स्वतःला कसं पाहिलं, याचा तो सुरेख पुरावा. मसाल्यांवरही २००९मध्ये तिकिटं निघाली. फक्त ते आंब्याचं तिकीट लावून खरोखर कुठलं पाकीट कुठे गेलं, हे कळलं की चित्राला पाय फुटतात.

आता जगाशी होणाऱ्या अदलाबदलीकडे वळू. १८७४च्या बर्न करारातून आजचा जागतिक टपाल संघ जन्मला, भारत त्यात १८७६ला आला. या करारात एक विलक्षण तत्त्व होतं. पत्र पाठवणाऱ्या देशाने तिकिटाचे सगळे पैसे स्वतःकडे ठेवायचे, पोचवणाऱ्या देशाने फुकट पोचवायचं, कारण प्रत्येक पत्राला उत्तर जाणार आणि हिशेब आपोआप जुळणार. पुढे श्रीमंत देशांतून पत्रं जास्त आणि उत्तरं कमी असं झालं, म्हणून १९६९च्या टोकियो परिषदेत देशादेशांतल्या मोबदल्याची पद्धत ठरवावी लागली. पण मूळ कल्पना अदलाबदलीचीच होती. पोर्तुगालच्या पाउलो मगाल्याइश या तरुणाने २००५मध्ये सुरू केलेलं ‘पोस्टक्रॉसिंग’ हीच कल्पना नव्याने चालवतं. तुम्ही अनोळखी माणसाला एक कार्ड पाठवायचं, ते पोचलं की तिसऱ्याच कुणाचं तरी तुम्हाला येतं. अशी सात कोटींहून अधिक कार्डं आजवर पोचली आहेत.

या व्यवहारात आपण जगाला काय पाठवतो? गेटवे, ताजमहाल, हत्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची चित्रकार्डं काढली. ती गोऱ्या साहेबांनी आणि मडमांनी मायदेशी धाडली, आणि आज त्या काळची मुंबई पाहायला अभ्यासक तीच कार्डं धुंडाळतात. धुरंधरांनी फक्त इमारती काढल्या असत्या तर ती वेळ आली नसती. एपीएमसीच्या फळबाजारात एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्यांच्या भिंती उभ्या राहतात, गवताच्या वासाने गाळे भरून जातात, मसाला बाजारात मिरचीच्या खाटाने डोळ्यांना धार लागते. याचं छायाचित्र पाठीमागे दोन नीट वाक्यांसह फिनलंडच्या किंवा तैवानच्या माणसाकडे गेलं, तर त्याला कळेल की या शहराचं पोट कुठून भरतं. बदल्यात त्याच्या गावच्या बाजाराचं कार्ड मागावं. बहुतेक संग्राहक मागितलं की आनंदाने पाठवतात.

यावर जाणकार संग्राहक एक खोचक प्रश्न विचारतात. छंदासाठी मुद्दाम पाठवलेलं टपाल हा पुरावा कसा? शिक्का उमटावा म्हणूनच तर ते पेटीत टाकलेलं असतं. हा आक्षेप मला मान्य आहे. पेढीचं कार्ड गरजेपोटी निघालं, छंदाचं हौसेपोटी. दोन्ही एका तराजूत घालू नयेत, संग्रहात वेगळी ठेवावीत. पण हौसेच्या कार्डालाही मजकूर असतो. पाठवणाऱ्याने आपल्या गावातलं काय सांगण्याजोगं मानलं, हे त्यातून कळतं. त्यासाठी मात्र मागे नुसतं ‘हॅपी पोस्टक्रॉसिंग’ लिहून चालणार नाही. आज कांदा काय भावाने गेला, एवढं जरी लिहिलं तरी तीस वर्षांनी ते कार्ड कामाला येईल.

दुसरा आक्षेप काळाचा. टपालच संपत चाललंय, मग त्याच्या मागे कशाला लागायचं? तार २०१३मध्ये बंद झाली, रजिस्टर्ड पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, डेन्मार्कच्या टपाल कंपनीने २०२५अखेर घरोघर पत्रं वाटणंच थांबवायचं ठरवलं. भाव आता फोनवर कळतात, पट्टीचा फोटो क्षणात गावी जातो, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते शंभर टक्के चांगलं आहे. पंधरा पैशांच्या कार्डाच्या काळात परत जा असं कुणी म्हणत नाही. पण फोन बदलला की पट्ट्यांचे ते फोटोही जातात. जे कागदावर शेवटचं उरलंय ते टपालाच्या संपण्यामुळेच जास्त निकडीचं झालं आहे.

खासगीपणाचा प्रश्न उरतो, आणि तो हलका नाही. कुणाचं कर्ज, कुणाची थकबाकी, कुणाच्या आईचं आजारपण या कागदांत असतं. कार्ड उघडं असलं तरी ते साऱ्या जगासाठी लिहिलेलं नव्हतं. म्हणून पेढीच्या किंवा घरच्या वारसांना विचारून घ्यावं, प्रदर्शनात मांडताना हयात माणसांची नावं झाकावीत आणि परदेशी अदलाबदलीत असे कागद देऊ नयेत. ते मुळांजवळच, म्हणजे महाराष्ट्रातच राहावेत. बाहेर पाठवायला आपली नवी कार्डं पुरेशी आहेत.

काम सुरू करायला मोठी संस्था लागत नाही. टपाल खात्याची दीनदयाळ स्पर्श योजना २०१७पासून सहावी ते नववीच्या तिकीट-छंदी विद्यार्थ्यांना महिना ५०० रुपयांची शिष्यवृत्ती देते, आणि तिच्यासाठी मुलांना तिकिटांवर प्रकल्प करावा लागतो. सर्वसाधारण प्रकल्प पक्षी, फुलं, क्रिकेट यांवर होतात. नवी मुंबईच्या एखाद्या शाळेने ‘आमच्या बाजाराचं टपाल’ हा विषय घेतला, तर मुलांना गाळ्यागाळ्यांतून, माथाडींच्या घरांतून जुनी कार्डं मागता येतील, शिक्के वाचता येतील, आजोबांना विचारून ‘डाग’ आणि ‘तोलाई’ समजून घेता येईल. पथ्यं तीनच सांभाळावीत. तिकीट कापू नये. प्लास्टिकमध्ये चिकटवून बंद करू नये, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात सुटं ठेवावं. आणि प्रत्येक कार्ड कुठल्या पेढीकडून, कुणाच्या हातून, कोणत्या साली मिळालं ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून त्याच्यासोबत ठेवावं, कारण ती चिठ्ठी हरवली तर निम्मा पुरावा हरवतो.