कानाचं यंत्र डबीत का पडून राहतं?

चष्मा लावायला कुणी लाजत नाही. कानाचं यंत्र मात्र शिबिरातून घरी येतं आणि डबीत पडून राहतं. आपण म्हणतो, म्हातारी हट्टी आहे. पण पुष्कळदा ते यंत्रच तिला सोसत नसतं.

जुन्या पद्धतीचं यंत्र छातीवर अडकवतात, वायर कानात जाते. माईक छातीवर असल्यानं पदर घासला की कानात खरखर होते. शिवाय वायर चारचौघांत दिसते. पण त्याचा पेन्सिल सेल गावच्या दुकानात मिळतो. कानामागचं यंत्र पदराआड झाकतं, मात्र त्याचा बटणासारखा सेल एक-दोन आठवड्यांतच संपतो आणि सगळीकडे मिळत नाही. म्हणून आता चार्जिंगची यंत्रंही निघाली आहेत.

शिट्टी का वाजते? कानातला भाग सैल असला की मोठा झालेला आवाज फटीतून बाहेर येऊन परत माईकमध्ये शिरतो. कानाचं माप घेऊन साचा करून घेतला, की शिट्टी बरीच थांबते.

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत १९८१ पासून दिव्यांगांना साधनं मिळतात, त्यात हे यंत्रही आहे. घेताना विचारा: साचा मापाचा आहे का? सेल कुठे मिळेल? आवाज पुन्हा जुळवून कोण देईल?

आणि पहिल्याच दिवशी आजींना लासलगावच्या बाजारात नेऊ नका. आधी घरात, शांततेत, रोज तासभर यंत्र लावा. समोर बसा, सावकाश बोला. ओरडू नका.