आईला सीताफळ आवडत नाही

कोजागिरीच्या रात्री आमच्या गच्चीवर चार घरची मंडळी जमली होती. केशरी दुधाच्या जोडीला यंदा मी सीताफळाची रबडीही केली होती. वाट्या भरता भरता शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना देताय, तुमची वाटी कुठाय?" मी काही बोलायच्या आत माझी 11 वर्षांची लेक म्हणाली, "आईला सीताफळ नाही आवडत. बिया फार असतात ना!"

सगळे हसले. रबडीत एकही बी नव्हती. दुपारभर बसून मीच त्या काढल्या होत्या.

मीही हसले आणि चमचे आणायच्या निमित्तानं खाली आले. स्वयंपाकघरात जरा वेळ नुसतीच उभी राहिले. कारण ते वाक्य लेकीचं नव्हतं. माझंही नव्हतं. ते माझ्या आईचं होतं.

माझं माहेर धारूरकडचं. बीड जिल्ह्यातल्या मैत्रिणींना बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं काय ते सांगायला नको. खडकाळ माळ, पाणी बेताचं, कुणी खत घालत नाही की निगा राखत नाही, तरी दसऱ्याच्या सुमाराला झाडं लगडतात. या बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला तर सीताफळाचं संशोधन केंद्रच आहे. हे फळ मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलं असं म्हणतात. पण सीतेचं नाव लावून आपण ते असं आपलंसं केलं, की परकं म्हणायला जीभ वळत नाही.

आमच्या लहानपणी डोंगराकडच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन दारावर यायच्या. आई वाट्यावर फळं घ्यायची. घेताना एकेकाचे डोळे बघायची. डोळ्यांमधल्या फटी रुंदावून पांढरट-पिवळ्या दिसल्या की फळ तयार. डोळे मिटलेलं फळ कितीही ठेवा, नीट पिकत नाही, नुसतं काळं पडतं. मग गवतात अढी घालायची. रोज सकाळी आई अढीत हात घालून फळं चाचपायची आणि मऊ झालेली बाहेर काढायची.

इथंच खरी मेख आहे. अढीतली पंचवीस फळं काही एकदम पिकत नाहीत. आज तीन, उद्या चार. आणि पिकलेलं फळ उद्यावर ठेवता येत नाही. आमच्या घरात खाणारी तोंडं पाच, आई धरून सहा. म्हणजे वाटणीला रोज फळ कमीच पडायचं. आई म्हणायची, "मला नगं गं बाई, बियाच फार." आम्ही खुशाल खायचो. फळ महाग होतं असं मुळीच नाही. डोंगरात ते पडून वाया जात होतं. पण रोजच्या हिशेबात जो कमी पडायचा, तो आकडा आईचा असायचा.

एक प्रसंग मला लख्ख आठवतो. दसरा झाला की आमच्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. पाटी घेऊन येणारी एक बाई शेवटच्या दिवशी आमच्या ओट्यावर टेकली. पैसे कनवटीला लावले, पाटीतलं सगळ्यात मोठं फळ काढलं, फोडलं आणि सावकाश खायला लागली. बिया एकेक करून अंगणात टाकत होती. आई बघतच राहिली. ती म्हणाली, "आक्का, विकायचं ते विकायचं, पर एक आपल्याला ठिवायचं. उद्यापासनं हातात कोयता हाय." आणि उरलेलं अर्धं तिनं आईपुढं धरलं. "तुमी बी खा की."

आईनं ते घेतलं. आत गेली आणि धाकट्याच्या ताटलीत ठेवलं.

आई जाऊन सहा वर्षं झाली. तिला सीताफळ खरंच आवडत नव्हतं, की आवडायचं? मला माहीत नाही. पस्तिशी ओलांडली, दोन-दोन घरचं रांधलं, शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना 'माझी आई' हा निबंध घालते, आणि माझ्या आईला काय आवडायचं ते मला सांगता येत नाही. विचारायचं कधी सुचलंच नाही.

त्या रात्री सगळे गेल्यावर पातेल्याच्या तळाशी थोडी रबडी उरली होती. मी ती वाटीत काढली आणि लेकीसमोर बसून खाल्ली. म्हटलं, "मला सीताफळ आवडतं. फार आवडतं." ती माझ्याकडे बघत राहिली. "मग खात का नाहीस?" याला उत्तर असेल तर मैत्रिणींनो, मला कळवा. मला काही सुचलं नाही.

आता रबडीविषयी, कारण काकूंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं. 2 लिटर दूध आटवून निम्मं करायचं, चवीपुरती साखर घालायची आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. 5-6 पिकलेल्या फळांचा गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर हातानं फिरवला की बिया वर राहतात. हा गर गार दुधातच मिसळायचा. गर घालून विस्तवावर ठेवलं की कडवटपणा येतो. मिक्सरची घाई करू नका, बी फुटून गरात जाता कामा नये. बियांत विष असतं. बियांची पूड उवांसाठी केसांना लावतात, तेही करू नका. डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. आणि कच्ची फळं फ्रीजमध्ये ठेवू नयेत, पिकत नाहीत, काळी पडतात.

हल्ली बाजारात बार्शीकडची 'गोल्डन' जात मिळते. फळ मोठं, बिया कमी. म्हणजे आपली जुनी सबबही गेली म्हणायची!

आमच्या घरी आता नवी रीत पडली आहे. सकाळी अढी चाचपायचं काम लेकीकडे. आम्ही माणसं चार. फळं तीनच पिकली, तर तिन्ही फोडून एकाच ताटात ठेवायची आणि चौघांनी भोवती बसायचं. कुणाला किती आलं ते मोजता येत नाही. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मला नको, बिया लागतात." लेक त्यांच्या शेजारी सरकून बसली आणि म्हणाली, "आजी, खरं सांग."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

तुमच्या घरीही अशी कुणी असेल, जिला काही 'आवडत नाही'. या मोसमात तिला एकदा विचारून बघा. आणि ती तुम्हीच असाल, तर मुलांना खरं सांगून टाका.