नकली मासळीचा खरा हिशेब

सातपूर म्हटले की मोटारीचे सुटे भाग, साचे आणि लेथ डोळ्यांसमोर येतात. त्याच वसाहतीत प्लॅस्टिकची बोटभर मासळी तयार होईल, असे कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. आमचा धंदा कापडाचा. परंतु भाच्याचा सातपूरला साच्यांचा लहानसा कारखाना आहे. मोटारींचे काम आटले, बँकेचा हप्ता मात्र थांबेना, तेव्हा तो एक नमुना घेऊन आमच्या पेढीवर आला. "मामू, याला लोक पैसे मोजतात," म्हणाला.

हा माल म्हणजे गळाला लावायची नकली मासळी. मरळ, महासीर, खाडीतला जिताडा हे मासे लहान मासळी गिळतात. त्यांना फसविण्यासाठी मऊ प्लॅस्टिकची मासळी बनवितात. तिचे शेपूट वल्ह्यासारखे चपटे असते. दोर ओढला की ते डावी-उजवीकडे हलते आणि जिवंत मासळी पोहत असल्याचा भास होतो. रोहू-कटल्यासाठी मात्र हिचा उपयोग नाही. त्यांचे खाणे वेगळे. अमेरिकेतील अक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ साली मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ बनविले. त्यातून पुढे हा धंदा वाढला.

कच्चा माल पाहून आम्ही चकित झालो. टी-शर्टवर जी जाड रबरी छपाई होते, तिची शाई आणि हा माल एकाच जातीचा. त्याचे नाव प्लॅस्टिसॉल. पीव्हीसीची बारीक पूड प्लॅस्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवितात. दुधासारखे हे मिश्रण सुमारे १७५ अंशांपर्यंत तापविले की आधी घट्ट होते, मग पातळ व पारदर्शक. त्यात रंग व चमकी घालून ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतायचे. जास्त तापले तर माल पिवळा पडतो आणि नाकाडोळ्यांना झोंबणारा घातक वायू निघतो. म्हणून खेळती हवा हवीच.

आम्ही भागीदारीत रक्कम घातली आणि पहिलीच ठोकर खाल्ली. माल दिसावा म्हणून पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक डब्यांत भरला. महिन्याभरात मासळीतील प्लॅस्टिसायझरने डबेच विरघळविले. मासळी डब्याला चिकटून बसली. सगळा माल परत आला. कापडाच्या धंद्यात आम्ही घडी आणि गुंडाळी यांचा जन्मभर विचार केला, येथे विसरलो. आता पॉलिथिनच्या पिशव्या वापरतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. परदेशी गिऱ्हाईकाने थॅलेटविषयी तपासणीचा कागद मागितला. युरोपीय संघात जुलै २०२० पासून ठराविक चार थॅलेटांचे प्रमाण अशा वस्तूंत एकूण ०.१ टक्क्याच्या आत ठेवावे लागते. आम्ही स्वस्त पाहून प्लॅस्टिसायझर घेतला होता आणि त्यात यांतलेच एक थॅलेट निघाले. एक दलाल म्हणाला, कागद मिळवून देतो, माल जाऊ द्या. हप्त्याची तारीख चार दिवसांवर होती. भाचा आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. आम्ही नाही म्हटले. माल थांबला, हप्ता आम्ही पेढीतून भरला. पुढचा घाणा थॅलेटविरहित प्लॅस्टिसायझरचा काढला; तो महाग पडला.

आजही हा धंदा मोठा नाही. कोकणातून जिताड्यासाठी मागणी येते, तेवढ्यावर एक साचा चालतो. हप्ता अजून निम्माच त्यातून निघतो. पण निघतो.

ज्या बांधवांना यात उतरायचे असेल त्यांनी आधी साचा करू नये. आधी गिऱ्हाईक पाहावे, कच्च्या मालाचा कागद पाहावा, मग साच्याला हात घालावा. नमुना पाण्यात तपासायचा तर गंगापूर धरण जवळ आहे, परंतु परवानगीवाचून गळ टाकू नये. आणि तुटलेली मासळी पाण्यात फेकू नये. ती कुजत नाही. मासळी नकली असली तरी हिशेब खराच ठेवावा लागतो.