ट्रेकहून परतल्यावर ताप आला तर? डॉक्टरांना आधी ट्रेक सांगा

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी एक आई तिच्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलाला सहा दिवस ताप होता. डोकं फुटेल असं दुखत होतं, खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. "व्हायरलच असंल डॉक्टर, सगळीकडं साथ हाय," आई म्हणाली. आधी दोन ठिकाणी औषध घेऊन झालं होतं. अँटिबायोटिकही चालू होतं, पण ताप हटत नव्हता.

मी त्याला शर्ट काढायला सांगितला. कमरेवर, जिथे पँटचं इलॅस्टिक घट्ट बसतं तिथे, एक छोटी काळी खपली होती. विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, त्यामुळे त्याला ती माहीतही नव्हती. मी विचारलं, "रानात कुठं गेला होतास?" तो म्हणाला, "आता नाही. पंधरा-सोळा दिवस झाले. मंडळाच्या पोरांबरोबर आंबोलीकडं ट्रेकला गेलो होतो."

त्याला स्क्रब टायफस झाला होता. योग्य औषध सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. ट्रेकचा आणि तापाचा संबंध असेल हे घरात कुणाच्या मनात आलं नाही, म्हणून त्याने ट्रेकबद्दल सांगितलं नाही. आणि कुणी विचारलंही नाही. सहा दिवस गेले ते त्यामुळे.

ट्रेक संपतो, पण आजार नंतर उगवतो

आजरा, चंदगड, भुदरगड या आपल्या पट्ट्यातली मुलं शनिवार-रविवार गाठून आंबोली, पारगड, रांगणा अशा ठिकाणी जातात. जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती तर महाराष्ट्रभरातली तरुण मुलं भर पावसात, चिखलातून करतात. जरूर जावं. पाय मुरगळणं, घसरून पडणं, साप चावणं याची काळजी सगळे घेतात, कारण ते तिथल्या तिथे दिसतं.

काही आजारांचे जंतू मात्र शरीरात शिरल्यावर लगेच त्रास देत नाहीत. त्यांना वाढायला काही दिवस लागतात. तोपर्यंत फोटो टाकून झालेले असतात, मुलगा कामाला लागलेला असतो आणि ट्रेक विसरलेला असतो. म्हणून एक नियम लक्षात ठेवा: ट्रेकनंतर तीन-चार आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ट्रेकबद्दल सांगा.

मुख्य तीन ताप

१. लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो). उंदीर, घुशी, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात. पायाला चीर, जखम किंवा पाण्यात राहून मऊ पडलेली त्वचा असेल, तर तिथून ते आत शिरतात. डोळे, नाक, तोंड यांतूनही शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर याच आजाराची मोठी साथ आली होती. भाताच्या खाचरातून किंवा ओढ्यातून चालणाऱ्या माणसालाही धोका तोच.

ताप बहुतेक वेळा ५ ते १४ दिवसांनी येतो. क्वचित दोन दिवसांतही येतो, कधी महिनाही लागतो. अचानक थंडी वाजून ताप, डोकेदुखी, डोळे लाल होणं ही लक्षणं दिसतात. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. इथेच फसगत होते, कारण "चालून चालून पाय दुखतायत" असं आपण म्हणतो. चालण्याची अंगदुखी तीन-चार दिवसांत कमी होत जाते. आठव्या दिवशी तापाबरोबर नव्याने सुरू झालेली पोटऱ्यांची दुखणी चालण्याची नसते. उपचार लांबले तर काहींमध्ये कावीळ होते, मूत्रपिंडं काम थांबवतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो.

२. स्क्रब टायफस. गवतात आणि झुडपात राहणाऱ्या अतिशय बारीक माइट किड्यांच्या अळ्या चावल्याने हा होतो. अळी डोळ्यांना दिसत नाही, चावलेलं कळत नाही. पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत हा जास्त दिसतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात याची साथ आली, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

ताप ६ ते २१ दिवसांत, बहुधा १० ते १२ दिवसांनी येतो. चावलेल्या जागी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत, कमरेला, छातीखाली, कानामागे अशा झाकलेल्या जागी असते. काही रुग्णांत खपली नसतेच, म्हणून ती दिसली नाही तरी आजार नाही असं समजू नका. तापावर नेहमी दिली जाणारी बरीच अँटिबायोटिक्स या जंतूवर चालत नाहीत. नेमकं औषध मात्र जुनं, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं आहे.

३. माकडताप. हा गोचीड चावल्याने होणारा विषाणूचा आजार. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. म्हणजे आपल्या घाटाच्या अगदी खालीच. याचा हंगाम पावसाळ्याचा नाही, तर साधारण डिसेंबर ते मे असा कोरड्या दिवसांचा. चावल्यानंतर ३ ते ८ दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या होतात. काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. यावर नेमकं औषध नाही, पण वेळेवर दाखल करून सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि योग्य काळजी मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य विभागाला किंवा वनखात्याला कळवा.

याशिवाय डेंगी आणि मलेरिया ट्रेकमध्येही होऊ शकतात. झऱ्याचं न उकळलेलं पाणी प्यायलं असेल तर टायफॉइड किंवा अ प्रकारची कावीळ होऊ शकते. ही कावीळ तर दोन ते सहा आठवड्यांनीही दिसते.

जळू चावली, तिचं काय?

पावसाळ्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. जळू चावल्यावर रक्त बराच वेळ वाहतं आणि नंतर खाज येते, पण वरचे तीन ताप जळवांमुळे होत नाहीत. जागा साबण-पाण्याने धुवा, दाबून धरा, खाजवून जखम करू नका. ती जखम उघडी ठेवून पुन्हा चिखलात उतरणं मात्र धोक्याचं.

डॉक्टरांना काय सांगाल?

• ट्रेकची तारीख, ठिकाण आणि ताप सुरू झाल्याचा दिवस.
• चिखल, ओढा, डबकं यांतून अनवाणी चाललात का? पायाला जखम होती का?
• गवतावर बसलात, झोपलात का? अंगावर गोचीड सापडली का?
• कुठलं पाणी प्यायलात?
• आतापर्यंत घेतलेली औषधं. पाकिटं सोबत न्या.
• बरोबरच्या कुणाला ताप आहे का? ग्रुपवर एक मेसेज टाका. एकाच वाटेने गेलेल्या तिघांना ताप असेल, तर निदान झटकन होतं आणि ज्याने अजून दुखणं अंगावर काढलंय तोही वेळेत दवाखान्यात येतो.

जाण्याआधी घरी आरशासमोर किंवा घरच्यांच्या मदतीने काख, जांघ, कंबर, कानामागे खपली आहे का बघा. मुलं लाजतात, सांगत नाहीत. डॉक्टरांनी तपासायला सांगितलं तर संकोच करू नका.

पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून लक्षणं आणि तुमची माहिती पाहून डॉक्टर अहवालाआधीच औषध सुरू करतील. त्यात चूक काही नाही.

घरी काय करावं, काय नको

तापाला पॅरासिटामॉल चालेल, तेही वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन अशा अंगदुखीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. प्लेटलेट कमी झाल्या असतील किंवा मूत्रपिंडांवर ताण असेल तर त्या घातक ठरतात. पेज, ताक, ओआरएस वरचेवर द्या आणि लघवी किती वेळा होते याकडे लक्ष ठेवा. मित्राला लागू पडलेलं अँटिबायोटिक आणून घेऊ नका.

या लक्षणांत सकाळची वाट पाहू नका

• धाप लागणं, खोकल्यातून रक्त
• लघवी खूप कमी होणं किंवा बंद होणं
• डोळे पिवळे होणं
• नाक, हिरड्या, शौचातून रक्त
• बरळणं, ग्लानी, मान ताठ होणं, झटके
• सतत उलट्या, उभं राहताच चक्कर

आजऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय, कोल्हापूरला सीपीआर. रात्री कोल्हापूर गाठायला दोन तास तरी लागतात, तेव्हा लक्षणं वाढायची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

पुढच्या ट्रेकआधी

पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि तिचं टोक मोज्यात खोचलेलं. पायाच्या जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी. गवतावर थेट बसण्याऐवजी ताडपत्री. उघड्या अंगावर कीटक पळवणारं मलम. उकळलेलं किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकलेलं पाणी. परत आल्यावर त्याच रात्री साबणाने अंघोळ, अंगावर गोचीड आहे का तपासणं आणि कपडे गरम पाण्यात भिजवणं. कितीही दमलेले असाल तरी त्याच कपड्यांत अंथरुणात पडू नका. लेप्टो टाळण्यासाठीच्या गोळ्या असतात, पण त्या सगळ्यांसाठी नाहीत. गर्भवती आणि लहान मुलांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मंडळाचा जो म्होरक्या असेल त्याला एक विनंती. परत आल्यावर दहाव्या दिवशी ग्रुपवर फक्त एवढं विचारा: "कुणाला ताप आहे का रे?"

*(ही माहिती सर्वसाधारण जाणिवेसाठी आहे. उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)*