दुकानाचा उंबरठा आणि मुका पाहुणा



स्मरणिकेच्या पानांवर व्यापाऱ्याने कर, उधारी, मालाची आवक आणि बाजारभाव यांविषयी लिहावे, अशी अपेक्षा असते. आम्ही यंदा कुत्र्याविषयी लिहीत आहोत, हे पाहून काही ज्येष्ठ सभासद चष्मा पुसून शीर्षक पुन्हा वाचतील. तथापि पाळीव कुत्रा बरोबर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकास दुकानात घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न आता सिल्वासाच्या बाजारात दर आठवड्यास कोठे ना कोठे उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक दुकानदार त्या क्षणी जे सुचेल ते देतो. आम्हीही तसेच दिले होते. ते चुकले, म्हणून हा लेख.

वैशाखातील दुपार होती. एक प्रौढ बाई, आमच्या जुन्या गिऱ्हाईक, लग्नाच्या आहेरासाठी साड्या पाहावयास आल्या. सोबत साखळीला बांधलेला एक म्हातारा कुत्रा होता. आमचे दुकान कापडाचे, त्यात पांढऱ्या खोळीच्या गादीवर बसून माल पाहण्याची जुनी पद्धत. आम्ही गल्ल्यावरूनच हात हलवून म्हटले, "बाई, त्याला बाहेर राहू द्या." बाईंनी निमूटपणे साखळी दारापुढील लोखंडी खांबाला अडकविली. साड्यांची घडी एकदा मोडली की अर्धा तास कसा जातो, हे कापडवाल्यास सांगावयास नको. बाई बाहेर आल्या तेव्हा ओट्यावरची सावली सरकून गेली होती, खांबाला हात लावता येत नव्हता आणि कुत्रा जीभ बाहेर टाकून कुशीवर पडला होता. आमच्या गुमास्त्याने धावत जाऊन पाण्याची घागर त्याच्या अंगावर आणि पायांवर ओतली. कुत्रा वाचला. बाई आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहीत, पैसे चुकते करून गेल्या, आणि त्यानंतर आमच्या दुकानी आल्या नाहीत.

त्या रात्री प्रतिक्रमणास बसलो असता पहिल्या अणुव्रताचे अतिचार नित्याप्रमाणे तोंडातून निघाले: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे हा पहिला, अन्नपाणी तोडणे हा शेवटचा. आजवर बैलाच्या मानेवरील जू आणि टांग्याच्या घोड्यावरील ओझे एवढेच आमच्या डोळ्यांपुढे येत असे. दुकानापुढचा खांब कधी आला नव्हता.

कुत्र्याच्या देहाची रचना येथे लक्षात घेतली पाहिजे. त्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाही; पंजांच्या तळव्यांतून थोडा येतो, बाकीची उष्णता तो धापा टाकूनच बाहेर टाकतो. म्हातारा, लठ्ठ अथवा आखूड नाकाचा कुत्रा असेल तर तेही त्यास नीट साधत नाही. "मग मोटारीत ठेवावा" असे काहीजण म्हणतात. वापी व दमणकडून खरेदीस येणारी मंडळी तसे करतातही. परंतु बंद मोटारीतील हवा अर्ध्या तासात बाहेरच्याहून पंधरा-वीस अंशांनी अधिक तापते. तो उपाय खांबापेक्षाही वाईट होय. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात अवाजवी आखूड अथवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हाच आहे.

इतके वाचून कोणी म्हणेल, की झाले तर मग, दारे उघडी करा. आमचे तसे म्हणणे नाही. दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. आमच्या परिचयातील एका दुकानात मालकांनी मोठ्या कौतुकाने एका ओळखीच्या गृहस्थांचा कुत्रा आत घेतला. हमाल डोक्यावर गठ्ठा घेऊन शिरला. गठ्ठ्यामुळे त्यास खाली काही दिसले नाही, पाय कुत्र्याच्या शेपटीवर पडला, आणि कुत्र्याने घोट्याचा लचका घेतला. कुत्र्याचा दोष म्हणावा तर शेपटी त्याची होती. हमालास पाच सुया टोचून घ्याव्या लागल्या: त्याच दिवशी एक, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. सुया सरकारी दवाखान्यात मिळाल्या, परंतु बुडालेल्या मजुरीचे कोणी विचारले नाही. गृहस्थ म्हणाले, आमच्या कुत्र्यास लस दिलेली आहे. मालक म्हणाले, कुत्रा आमचा नव्हे. दुकानात कुत्रा घेण्याचे औदार्य गल्ल्यावर बसणारा करतो आणि त्याची जोखीम गठ्ठा वाहणारा उचलतो, ही गोष्ट या चर्चेत कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलून ठेवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांस इजा होऊ नये एवढी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कुत्र्याची भीती ही पोकळ नव्हे. आचारांगसूत्रात श्रमण भगवान महावीर लाढ देशातून विहार करीत असता तेथील कुत्री त्यांच्यावर तुटून पडत, आणि त्यांना हाकलण्याऐवजी लोक त्यांना अंगावर सोडीत, असे वर्णन आहे. इतर श्रमण त्या मुलखात हाती दांडा घेऊन फिरत. भगवंतांनी तो घेतला नाही. ती तितिक्षा भगवंतांची. आहेराचे कापड घ्यावयास आलेल्या लेकुरवाळ्या स्त्रीकडून ती अपेक्षिण्याचा दुकानदारास अधिकार नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रोग एकदा अंगात प्रकट झाला की त्यास आजही उपाय नाही. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि वेळेवर लस, हाच बचाव.

या प्रश्नात व्यापाऱ्याने पडू नये, असे ज्यांना वाटते त्यांना मुंबईच्या इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. तेथे १८१३ च्या नियमान्वये उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा होती. १८३२ साली ती मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यात आली, आणि मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने मारणाऱ्यांच्या हातास चांगलाच वेग आला. ६ जून १८३२ रोजी पारशी लोकांनी प्रथम प्रतिकार केला. दुसऱ्या दिवशी हिंदू व जैन व्यापारीही त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली, गोऱ्या सैन्याची रसद अडली. अखेर दंग्याचा कायदा पुकारून लष्कर आणावे लागले आणि धरपकड झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे शत्रुंजयावर ज्यांच्या नावाची टूक आहे ते मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने भुलेश्वरात पांजरापोळ उभी राहिली. दंगा आम्ही वाखाणीत नाही. दगडफेकीत निरपराध माणसेही सापडली. आणि त्या काळी पिसाळलेल्या कुत्र्यावर लस नव्हती, ती पाश्चर यांनी १८८५ साली प्रथम माणसास टोचली. तेव्हा सरकारची धास्तीही अगदीच निराधार नव्हती. परंतु मारणे नको एवढे म्हणून आपले पूर्वज थांबले नाहीत. मग ठेवावयाचे कोठे, याची जागाही त्यांनी पदरमोड करून दिली. त्याच मुंबईत टाटांच्या 'बॉम्बे हाऊस' या मुख्य कचेरीचे २०१८ साली नूतनीकरण झाले, तेव्हा परिसरातील भटक्या कुत्र्यांसाठी तेथे एक स्वतंत्र खोलीच राखण्यात आली. तेथेही कुत्रा कोठेही, कसाही नसतो; त्याची जागा नेमलेली आहे.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठांनी पंधरा कर्मादानांपैकी 'असतीपोषण' पुढे केले. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात पोपट, मैना, मांजर, कुत्रा असे जीव धनलाभासाठी पोसणे श्रावकास वर्ज्य सांगितले आहे, हे खरे. म्हणून कुत्र्यांच्या विक्रीचा धंदा आपल्या सभासदाने करू नये, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु गिऱ्हाइकाने पोसलेल्या कुत्र्यास दोन घटका सावली देणे हे त्या कर्मादानात कसे येते, ते आम्हांस समजले नाही. यावर एक तरुण सभासद हसून म्हणाले, "गिऱ्हाईक तुटू नये म्हणूनच ना ती सावली?" त्याचे उत्तर आमच्यापाशी तत्काळ नव्हते. अजूनही पुरते नाही.

आता व्यवहार. किराणा, मिठाई, फरसाण, धान्य यांच्या दुकानांपुरता हा प्रश्न उरतच नाही. अन्नव्यवसायाच्या परवान्याची २०११ ची नियमावली आहे, तिच्या चौथ्या परिशिष्टात प्राणी, पक्षी व पाळीव जनावरे यांना अन्नाच्या जागेत येऊ देऊ नये असे स्पष्ट आहे. नियम नसता तरी जमिनीलगत ठेवलेल्या तांदळाच्या पोत्याशी नर कुत्रा मागचा पाय उचलून काय करतो, हे सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्याच्या हितासाठीही ते बरे: खाली सांडलेला बेदाणा अथवा मनुका त्यास विषासमान ठरू शकतो, आणि कांदालसूणही त्यास बाधतो. (त्या बाबतीत तरी तो आपल्या स्वयंपाकघरास सोयीचा पाहुणा म्हणावा.)

कापड, भांडी, लोखंडी सामान, पादत्राणे, विजेच्या वस्तू यांच्या दुकानांस असा नियम लागू नाही. तेथे मालकाची इच्छा प्रमाण. येथे मात्र दुकानागणिक फरक करावा लागेल. लोखंडी सामानाच्या दुकानातील फरशीस कुत्र्याचे पाय लागले तर बिघडत नाही. पांढऱ्या गादीस लागले, आणि तेही आपल्या मुलखातील मुसळधार पावसाळ्यात, तर पुढचे गिऱ्हाईक उठून जाईल. कारण बाजारात येणाऱ्यांपैकी कित्येकांस कुत्र्याचा स्पर्श धर्मदृष्ट्या किंवा सवयीने चालत नाही, कोणास केसांनी दमा उसळतो. त्यांचाही मान राखला पाहिजे. अंध गृहस्थास वाट दाखविणारा शिकविलेला कुत्रा ही गोष्ट निराळी. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने अशा कुत्र्यास खाद्यपदार्थांच्या दुकानातही प्रवेश आहे. परदेशी व्यापार करणारे आपले बांधव हे जाणतात. असा कुत्रा सिल्वासात आल्यास त्यास थांबविणे म्हणजे त्या गृहस्थाचे डोळे बाहेर ठेवावयास सांगणे होय.

आणखी एक भेद आमच्या ध्यानात आला, आणि तो सांगताना थोडा संकोच वाटतो. मोटारीतून उतरलेल्या केसाळ, परदेशी जातीच्या कुत्र्यास "आत येऊ द्या" म्हणणारे काही दुकानदार, पाड्यावरून बाजारास आलेल्या वारली बांधवाच्या मागोमाग चालत आलेल्या गावठी कुत्र्यास काठी उगारतात. तोही कोणाचा तरी पाळलेलाच असतो; गळ्यात पट्टा नसतो इतकेच. नियम करावयाचा तर तो दोघांस एक असावा. नाहीतर आपण कुत्रा पाहून नव्हे, मालक पाहून दार उघडतो, हे उघड दिसते.

दारापुढे पोळीचा तुकडा टाकण्याच्या आपल्या जुन्या रिवाजाचाही विचार करणे आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कोठेही कुत्र्यांस खाऊ घालण्यास मनाई करून त्यासाठी नगरसंस्थांनी जागा नेमाव्यात असे म्हटले आहे. रोज सकाळी दुकान उघडताना तुकडा टाकणाऱ्या सभासदांनी तो हात आखडू नये. नेमलेल्या जागी न्यावा. तशी जागा आपल्या बाजाराजवळ नेमून घेण्यासाठी मंडळाने अर्ज करावा, अशी आमची सूचना आहे.

आमच्या दुकानी आम्ही काय केले, ते सांगून थांबतो. उन्हातील खांब काढून टाकला. उत्तरेच्या भिंतीस, जेथे दिवसभर सावली असते, तेथे एक कडी बसविली, खाली तरटाचा तुकडा आणि गाळलेल्या पाण्याचे पसरट भांडे ठेवले. ते पाणी दोन्ही वेळा बदलण्याचे काम गुमास्त्याने आपण होऊन पत्करले आहे. हमालांसाठी मागील दार उघडले, म्हणजे गठ्ठा त्या बाजूने येतो. 'कुत्र्यांना मज्जाव' अशी पाटी रंगवून आणली होती, ती लावली नाही. नवी पाटी अशी आहे: 'कुत्रा बरोबर असल्यास हाक मारावी. माल ओट्यावर आणून दाखवू.' पहिल्या आठवड्यात चौघांनी हाक मारली. साड्यांचे तागे ओट्यावर उलगडताना आमच्या मुलाची धांदल उडाली आणि एका साडीस धूळ लागली. ती आम्ही घरी ठेवून घेतली.