मोठी माणसं गेली कुठे?

फास्टर फेणे या किशोर नायकाची वीस पुस्तकं लिहिताना भा. रा. भागवतांना एक काम दर वेळी नव्यानं करावं लागलं असणार. ते म्हणजे मोठ्या माणसांना वाटेतून बाजूला काढणं. चोर, हेर, विमानचोर ही मंडळी तशी सोपी, हवी तेव्हा आणता येतात. अवघड असतात ते आईवडील, शिक्षक आणि पोलीस. बऱ्यापैकी घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला एखादा संशयास्पद इसम दिसला, तर तो घरी येऊन सांगतो आणि घरचे म्हणतात, 'तू यात पडू नकोस, अभ्यासाला बस.' गोष्ट तिथेच संपते! म्हणून किशोरांच्या साहसकथेत धोका किती मोठा आहे यापेक्षा तो मुलगा त्या धोक्यापाशी एकटा पोचला कसा, हा प्रश्न मला कळीचा वाटतो. लेखक त्याचं जे उत्तर देतो, त्यातून त्या काळातली मोठी माणसं मुलांच्या अकलेवर किती भरवसा ठेवत होती, तेही कळतं.

जगभरच्या लेखकांनी यावर शोधलेली सगळ्यात सोयीची युक्ती म्हणजे नायकाला पोरका करणं. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'मध्ये (१८८३) जिम हॉकिन्सचे वडील सुरुवातीलाच वारतात. ज्यूल व्हर्नचा डिक सँड पंधराव्या वर्षी जहाजाचा कप्तान होतो, कारण कप्तान आणि खलाशी देवमाशाच्या शिकारीत बुडून मरतात, आणि डिकला आईबाप मुळातच नाहीत. हॅरी पॉटरचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. सत्यजित राय यांनी उलटी वाट धरली. १९६५ पासून लिहिलेल्या फेलूदाच्या कथांमध्ये किशोरवयाचा तोपशे आहे, पण डोकं चालवायला आणि पिस्तुलासमोर उभं राहायला त्याचा थोरला चुलतभाऊ फेलूदा हजर असतो. तोपशे पाहतो आणि सांगतो. अशोक जैनांच्या अनुवादामुळे या कथा मराठीतही आवडीनं वाचल्या गेल्या. त्या सुरेखच आहेत, पण त्यातल्या मुलाला स्वतःचा निर्णय असा क्वचितच घ्यावा लागतो.

भागवतांनी दोन्ही वाटा टाळल्या. बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा काटकुळा मुलगा हडपसरपलीकडच्या फुरसुंगीचा, त्याचं घर शाबूत आहे, आणि तो पुण्यात विद्याभवन शाळेत शिकतो. त्याला पोरकं करायची गरजच पडली नाही, कारण त्याच्याकडे सायकल होती. या गोष्टी लिहिल्या गेल्या तेव्हा पुणं सायकलींचं शहर होतं. कारकून, प्राध्यापक, दूधवाले आणि शाळकरी पोरं एकाच रस्त्यावरून एकाच वेगानं जात होती, आणि मुलगा दोन तास कुठे होता याचा हिशेब कुणी मागत नव्हतं. या दोन तासांत भागवतांची अख्खी गोष्ट मावते. पुस्तकांची नुसती नावं वाचली तरी तो कुठवर जातो ते दिसतं: प्रतापगडावर जातो, चक्रीवादळात सापडतो, विमानचोरांच्या विरुद्ध उभा राहतो. अंगात ताकद नाही, हातात शस्त्र नाही. नवल वाटलं किंवा काही सुचलं की जीभ टाळ्याला लावून 'टॉक्' असा आवाज काढायचा, एवढीच त्याची लकब. मला विशेष वाटते ती आणखी एक गोष्ट: खुद्द भा. रा. भागवत नावाचे लेखक या कथांमध्ये एक पात्र म्हणून येतात. म्हणजे मोठा माणूस हाकलून दिलेला नाही. तो आहे, पोराचं म्हणणं ऐकून घेतो आणि ते खरं मानतो. मराठी बालसाहित्यात उपदेश करणारे काका पुष्कळ होते. ऐकून घेणारा काका भागवतांनी आणला, आणि तोही स्वतःच्याच नावानं.

यावर पहिला आक्षेप पालकांचा, आणि तो जुनाच आहे. हे सगळं अवास्तव आहे, मुलं अनुकरण करायला जातील आणि जिवाशी खेळ होईल. आक्षेप अगदीच पोकळ नाही, पण तो धैर्याची चुकीची कल्पना धरून चालतो. प्रत्यक्षातलं उदाहरण घेऊ. १९५७ साली दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंडित नेहरू हजर असताना शामियान्यानं पेट घेतला. तिथे स्वयंसेवक असलेला चौदा वर्षांचा स्काऊट हरिश्चंद्र खांबावर चढला आणि चाकूनं कापड फाडून त्यानं अडकलेल्या लोकांना वाट करून दिली. मुलांसाठीचे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार त्या घटनेतून सुरू झाले. त्या मुलानं आगीशी झुंज घेतली नाही. कापड कुठे फाडलं तर माणसं सुटतील हे त्याला दिसलं आणि चाकू वापरायची सवय हाताला होती. फेणेचं साहस याच जातीचं आहे. आडदांड चोराला तो ठोसे मारून लोळवत नाही. तो पाहतो, आठवणीत ठेवतो, सायकल हाणतो आणि योग्य माणसापर्यंत वेळेत पोचतो. जिम हॉकिन्सनं केलेलं सगळ्यात मोलाचं कामही सफरचंदांच्या पिंपात गुपचूप बसून कट ऐकण्याचं आहे. याचं अनुकरण मुलांनी केलं तर बिघडलं कुठे?

दुसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. हा भरवसा मुलग्यांच्या वाट्याला आला. तेरा वर्षांची मुलगी तेव्हाच्या पुण्यात सायकल चालवत होती, पण ती दोन तास कुठे होती हे कुणी विचारत नव्हतं असं म्हणणं धाडसाचं होईल. एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'मधली (१९४२) जॉर्जिना केस कापून, जॉर्ज नाव लावून, आपण मुलगाच आहोत असा हट्ट धरते तेव्हा कुठे तिला बोट घेऊन एकटीनं समुद्रात जायला मिळतं. जिथे भरवसाच नसतो तिथे लेखकाला असल्या आडवाटा शोधाव्या लागतात. भागवतांची कल्पनाशक्ती या बाबतीत आपल्या काळापुढे फारशी गेली नाही, आणि त्यांचे चाहते (मीही त्यातलाच) हे सहसा बोलत नाहीत.

आता त्या भरवशाचं पुढे काय झालं ते पाहू. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवननं साकारलेला फेणे शाळकरी होता. २०१७ साली आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला, त्यात अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो. मधल्या काळात तो चांगला पाच-सहा वर्षांनी वाढला. व्यावसायिक कारणं असतीलच, पण मला यात आणखी एक कबुली दिसते: आजच्या पुण्यातल्या वाहतुकीत, गुन्हेगारांच्या मागे, आठवीतला मुलगा सायकलवर एकटा सोडणं प्रेक्षकाला पटलं नसतं. ही अडचण आपल्यापुरतीच आहे असंही नाही. २०१६ मध्ये आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या अमेरिकी मालिकेला सायकलवरून रात्री-बेरात्री हिंडणारी मुलं दाखवायची होती, तर त्यांनी सरळ १९८३ सालच गाठलं.

कुणी म्हणेल, दोष मोबाइलचा आहे. खिशात फोन आणि फोनवर मुलगा कुठे आहे ते दाखवणारा नकाशा असताना साहस घडणार कसं? हे मला पुरतं पटत नाही. फोननं फक्त अंतर मिटवलं. 'तू यात पडू नकोस' हे वाक्य त्याच्या आधीपासूनच होतं. फोनची बॅटरी संपली, रेंज गेली, ही सबब एका गोष्टीत खपेल, वीस पुस्तकांत नाही. त्यापेक्षा आजच्या लेखकानं फोन पुरता चार्ज असलेली मुलगी घ्यावी. तिनं जे पाहिलं ते बापाला फोन करून सगळं सांगावं, आणि पलीकडून त्यानं क्षणभर थांबून म्हणावं, 'बरं, बघ जाऊन. पण पोचलीस की कळव.' असा बाप वाचकाला खोटा वाटू नये इतक्या ताकदीनं रंगवणं, हे विमानचोर रंगवण्यापेक्षा कितीतरी जड काम आहे.