बोट कापलेलं नाही!

वेरूळच्या दहाव्या लेण्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. स्तूपापुढची मूर्ती विश्वकर्म्याची. काम करताना बोट कापलं म्हणून त्याने ते दुसऱ्या हाताने धरलंय, अशी जुनी दंतकथा आहे. छताला लाकडी वाशांसारखी कोरीव कमानपट्टी असल्याने ती पटतेही. पण मूर्ती बुद्धाची आहे. छातीशी एकमेकांना भिडलेली बोटं म्हणजे धर्मचक्रप्रवर्तन मुद्रा, उपदेशाची खूण. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या गाभाऱ्यात हीच मुद्रा आहे, आणि आसनावर चक्र व हरणं कोरून शिल्पकाराने ठिकाणही सांगून टाकलंय: सारनाथचं मृगवन, पाच भिक्खूंपुढचं पहिलं प्रवचन.

खांद्याशी उचललेला उजवा हात, तळवा समोर, म्हणजे आशीर्वाद, असं सर्रास म्हटलं जातं. ती अभयमुद्रा, ‘भिऊ नका’ सांगणारी. पिसाळलेल्या नालागिरी हत्तीला शांत केल्याच्या प्रसंगाशी तिचं नातं जोडतात. काही द्यायचं असेल तर हात खाली येतो, तळवा समोरच राहतो, ती वरदमुद्रा.

उजव्या गुडघ्यावरून सोडलेला हात मात्र अनेकांना नुसता विसावलेला वाटतो. बोटांची टोकं बघा, ती जमिनीकडे आहेत. बोधीच्या रात्री मोहात पाडू पाहणाऱ्या माराने ‘तुझा साक्षीदार कोण?’ असं विचारलं, तेव्हा सिद्धार्थाने पृथ्वीला साक्षीला बोलावलं, ही भूमिस्पर्शमुद्रा. अजिंठ्याच्या 26व्या लेण्यात माराची फौज आणि त्याच्या मुली यांच्यासह हा सगळा प्रसंग कोरलाय. त्याच भिंतीवरच्या महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीपुढे गर्दी होते आणि हे शिल्प बिचारं बघायचं राहून जातं.

या मुद्रा खुद्द बुद्धाने ठरवून दिल्या, हाही समज चुकीचा. बुद्धाच्या मूर्ती घडू लागल्या त्या इसवी सनाच्या आरंभीच्या सुमारास, त्याच्यानंतर काही शतकांनी. त्याआधीच्या भाज्याच्या चैत्यगृहात पूजेला स्तूपच आहे. मुद्रांचे संकेत पुढे हळूहळू पक्के झाले.

आणि मांडीवर तळव्यावर तळवा दिसला की बुद्धच, असंही नाही. वेरूळच्या जैन लेण्यांतले तीर्थंकर याच ध्यानमुद्रेत बसलेत. तिथे हात सोडून अंगाकडे बघावं: बुद्धावर चीवर असतं, दिगंबर तीर्थंकर निर्वस्त्र. डोक्यावर नागफणा दिसला म्हणून लगेच तीर्थंकर पार्श्वनाथ म्हणावं, तर मुचलिंद नागाने छत्र धरलेला बुद्धही असतो. पुन्हा चीवरच शोधायचं.